अपत्यांची पोटगी : नांदेड व लातूर जिल्हे

विभक्त झालेल्या आईबापांपैकी ज्याच्याजवळ मूल राहत नाही, त्याने मुलाच्या अन्न, वस्त्र, निवारा, शिक्षण व औषधोपचार यांसाठी नियमितपणे द्यावयाच्या रकमेस अपत्याची पोटगी म्हणतात. पोटगी हा शब्द पोटावरून आला. जुन्या मराठी व्यवहारात याच अर्थाने ‘अन्नवस्त्र’ हा शब्दही रूढ होता आणि ग्रामीण भागात ‘अन्नवस्त्राचा दावा’ असे आजही बोलले जाते. उर्दू ही न्यायालयाची भाषा असलेल्या हैदराबाद संस्थानात ‘नफका’ व ‘खोरपोश’ हे शब्द प्रचारात होते. तिन्ही भाषांतील हे शब्द खाण्याकपड्यापुरतेच बोलतात, शिक्षणाचा त्यांत मागमूसही नाही. या विषयाचा गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास म्हणजे पुष्कळ अंशी पोटाच्या या कल्पनेत शाळा, दवाखाना व वसतिगृह यांचा समावेश कसा होत गेला याचा इतिहास होय.

पोटगी किती असावी याचे कोणतेही सरकारी कोष्टक भारतात नाही. कायदा ‘वाजवी’ रक्कम म्हणतो आणि वाजवी काय हे प्रत्येक प्रकरणात न्यायाधीश ठरवितो. नोकरदाराच्या बाबतीत पगारपत्रक पाहून हे काम बऱ्यापैकी जमते. नांदेड व लातूर यांसारख्या कोरडवाहू शेतीच्या जिल्ह्यांत मात्र उत्पन्न वर्षातून एकदा, सोयाबीन किंवा कापूस विकल्यावर हाती येते, पावसावर व भावावर ते कमीजास्त होते आणि त्याची लेखी नोंद क्वचितच असते. मुलाची भूक मात्र दरमहाची असते. या विसंगतीमुळे येथील पोटगीचा हिशेब हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय ठरतो.

धर्मशास्त्रातील आधार : लहान मुलाचे पोषण करणे हे बापाचे वैयक्तिक कर्तव्य आहे, हा विचार या प्रदेशाला नवा नाही. हिंदू कायद्याचा भारतभर सर्वाधिक मान्यता पावलेला ग्रंथ मिताक्षरा हा चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य (कार. १०७६–११२६) याच्या राजधानीत, कल्याण येथे, विज्ञानेश्वराने रचला. हे कल्याण म्हणजे कर्नाटकाच्या बीदर जिल्ह्यातील आजचे बसवकल्याण. लातूर जिल्ह्यातील निलंगा, उदगीर व अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत याच बीदर जिल्ह्यात होते. वृद्ध आईबाप, साध्वी पत्नी आणि अल्पवयी मूल यांचे पोषण कोणत्याही परिस्थितीत, प्रसंगी अकार्य करूनही, केले पाहिजे असा मनूच्या नावावर सांगितला जाणारा दंडक मिताक्षरेच्या परंपरेत मान्य झाला. इंग्रजी अमदानीतील न्यायालयांनी त्यावरून असा निष्कर्ष काढला, की हे दायित्व वडिलार्जित मालमत्तेवर अवलंबून नसून नात्यातूनच उद्‌भवते. बापाजवळ काही नसले तरी त्याने कमावून मुलास पोसले पाहिजे, असा त्याचा अर्थ. इस्लामी कायद्यातही हनफी पंथाप्रमाणे मुलगा वयात येईपर्यंत आणि मुलगी विवाहित होईपर्यंत तिचा नफका बापाने द्यावयाचा असतो, मग मूल आईच्या ताब्यात का असेना.

तत्त्व असे स्पष्ट असले, तरी प्रत्यक्षात काडीमोड, सोडचिठ्ठी किंवा फारकत ही बहुतेक जातींत पंचांसमोर होत असे. पाट लावून दुसऱ्या घरी जाणाऱ्या स्त्रीची मुले बहुधा पहिल्या नवऱ्याच्या घरी राहत आणि मग पोटगीचा प्रश्नच उरत नसे. मूल अंगावर पिणारे असल्यास ते आईबरोबर माहेरी जाई व त्याचा भार मामा-आजोबांवर पडे. माहेरच्या घराने मुकाट्याने उचललेला हा खर्च कोणत्याही दप्तरात नोंदला गेला नाही. आजही न्यायालयाबाहेर होणाऱ्या विभक्तीत तोच प्रकार चालतो.

निजामी अमदानी व तिचा शेवट : ब्रिटिश हिंदुस्थानात १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने बायकोमुलांना वाऱ्यावर सोडणाऱ्यास दरमहा जास्तीत जास्त ५० रुपये देण्याचा आदेश काढण्याची सत्ता दंडाधिकाऱ्यास दिली. निराधार स्त्रिया व मुले भीक मागू लागू नयेत अथवा गुन्ह्यांकडे वळू नयेत, हा त्यामागील हेतू होता. म्हणूनच दिवाणी स्वरूपाचा हा हक्क फौजदारी कायद्यात जाऊन बसला, तो आजतागायत तेथेच आहे. १८९८ च्या संहितेतील ४८८ व्या कलमातही ५० रुपयांचीच मर्यादा होती. १९२३ मध्ये ती १०० रुपये करण्यात आली.

मराठवाडा हैदराबाद संस्थानात असल्यामुळे ही संहिता येथे लागू नव्हती. संस्थानाचे कायदे व न्यायालये स्वतंत्र होती. बार्शी लाइट रेल्वे १९११ मध्ये लातूरपर्यंत आली, तेव्हा तिच्या एका टोकास ब्रिटिश कायदा व दुसऱ्या टोकास निजामाचा कायदा अशी स्थिती होती. सोयरिकी मात्र दोन्ही बाजूंस होत, त्यामुळे बार्शीची लेक लातूरला नांदत असल्यास तिचा दावा कोणत्या राज्यात चालावा हा प्रश्न उभा राही. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थानाचे विलीनीकरण घडून आले आणि १ एप्रिल १९५१ पासून भारतीय फौजदारी प्रक्रिया संहिता हैदराबाद राज्यास लागू झाली. नांदेड-लातूरच्या मुलांना ४८८ व्या कलमाचा आधार मिळाला तो तेव्हापासून. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट तालुका त्याच वेळी नांदेडला जोडला गेला. लातूर त्या काळी उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात होते व ऑगस्ट १९८२ मध्ये तो स्वतंत्र जिल्हा झाला. त्याआधी वर्षभर, २७ ऑगस्ट १९८१ रोजी, मुंबई उच्च न्यायालयाचे काम औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे सुरू झाले होते. तोवर पोटगीच्या दोन-अडीचशे रुपयांच्या आदेशाविरुद्ध दाद मागण्यास दुसऱ्या टोकाच्या मुंबईस जावे लागे व जाण्यायेण्यातच पोटगी खर्ची पडे.

पाचशे रुपयांची मर्यादा : १९५५ च्या दुरुस्तीने ४८८ व्या कलमातील कमाल रक्कम ५०० रुपये झाली. १९७३ ची नवी संहिता १ एप्रिल १९७४ रोजी अंमलात आली. तिच्या १२५ व्या कलमानेही तोच आकडा कायम ठेवला. रुपयाची किंमत घसरत गेली, पण आकडा हलला नाही. शिवाय कलमातील ‘एकंदर’ या शब्दामुळे आई व सर्व मुले मिळून ५०० रुपये असा अर्थ अनेक न्यायालये लावीत. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हा अर्थ अमान्य केला. ‘एकंदर’ म्हणजे एका व्यक्तीच्या अन्न, वस्त्र, निवारा इ. सर्व बाबी मिळून, कुटुंबातील सर्व व्यक्ती मिळून नव्हे, असा निर्णय त्यांनी दिला. त्यामुळे आई व दोन मुले यांना प्रत्येकी ५०० पर्यंत रक्कम मिळणे शक्य झाले. महाराष्ट्राने १९९९ मध्ये राज्यापुरती ही मर्यादा १,५०० रुपयांवर नेली. केंद्राच्या दुरुस्तीने ती २४ सप्टेंबर २००१ पासून संपूर्णपणे काढून टाकली. ४६ वर्षे एकाच आकड्यावर अडकलेली ही तरतूद भारतीय विधिनिर्मितीतील अनास्थेचे ठळक उदाहरण मानावे लागेल. याच दुरुस्तीने दाव्याचा निकाल लागेपर्यंत अंतरिम पोटगी देण्याची सोय झाली व तिचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा असे सांगितले. १ जुलै २०२४ पासून या कलमाची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमाने घेतली आहे. आशयात फारसा फरक नाही.

हे कलम धर्मनिरपेक्ष आहे आणि नांदेड जिल्ह्याच्या दृष्टीने त्याचे महत्त्व मोठे आहे. हिंदू विवाह अधिनियम (१९५५) व हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम (१९५६) हे हिंदू, बौद्ध, जैन व शीख यांना लागू होतात. परंतु केंद्र सरकारने अधिसूचना काढल्याशिवाय ते अनुसूचित जमातींना लागू होत नाहीत. त्यामुळे किनवट-माहूर भागातील गोंड, आंध इ. जमातींच्या मुलांना फौजदारी संहितेचाच मुख्य आधार राहतो. मुस्लिम मुलांबाबत १९८६ च्या अधिनियमानंतर संभ्रम निर्माण झाला होता, कारण घटस्फोटित आईला मुलासाठी केवळ जन्मापासून दोन वर्षेच खर्च मिळेल अशी तरतूद त्यात होती. मुलाचा स्वतःचा हक्क त्याहून निराळा असून तो १२५ व्या कलमाखाली अबाधित आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये नूर सबा खातून प्रकरणात स्पष्ट केले. अनौरस मुलांचा हक्क तर संहितेच्या शब्दांतच आहे. दुसरा विवाह बेकायदेशीर ठरला तरी त्या संबंधातील मुलास पोटगी नाकारता येत नाही.

हिशेबाचे निकष : १९५६ च्या अधिनियमातील २३ वे कलम रक्कम ठरविताना विचारात घ्यावयाच्या गोष्टी सांगते. उभय पक्षांची सामाजिक स्थिती, मागणाऱ्याच्या वाजवी गरजा, त्याची स्वतःची मालमत्ता व उत्पन्न आणि देणाऱ्यावर अवलंबून असलेल्यांची संख्या या त्यांतील प्रमुख होत. परिस्थिती बदलल्यास रक्कम वाढविता किंवा कमी करता येते. व्यवहारात न्यायालये प्रथम देणाऱ्याचे निव्वळ उत्पन्न काढतात. पगारातून आयकर, व्यवसायकर व भविष्यनिर्वाह निधीची सक्तीची वर्गणी वजा केली जाते. स्वतः होऊन घेतलेले घरकर्ज, सोसायटीचे कर्ज किंवा विम्याचे हप्ते सहसा सरसकट वजा होत नाहीत, नाही तर पोटगी टाळण्यासाठी कर्ज काढणे हा सोपा मार्ग झाला असता.

यानंतरच्या वाटणीस निश्चित सूत्र नाही. पत्नीच्या पोटगीसाठी पतीच्या निव्वळ पगाराच्या २५ टक्के रक्कम न्याय्य होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्ये एका प्रकरणात म्हटले व २०१७ मध्ये त्याचा पुनरुच्चार केला. ही टक्केवारी मुलांसाठीही लागू आहे असा समज वकिलांच्या पक्षकारांत पसरलेला आढळतो, पण तो बरोबर नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २००४ मध्ये वेगळी रीत सुचविली. कुटुंबाचे उत्पन्न एकत्र धरून त्याचे भाग पाडावेत, कमावत्या पतीस बाहेर वावरण्याच्या खर्चामुळे दोन भाग व इतर प्रत्येकास एक भाग द्यावा. या रीतीने बाप, आई व दोन मुले असतील तर ५०,००० रुपयांचे पाच भाग होतात आणि प्रत्येक मुलाच्या वाट्यास १०,००० रुपये येतात.

आई कमावती असेल तर तिचाही वाटा धरला जातो. २००० सालच्या पद्मजा शर्मा प्रकरणात दोघेही नोकरीत होते. न्यायालयाने प्रत्येक मुलाचा खर्च दरमहा ३,००० रुपये धरून तो बाप व आई यांनी दोनास एक या प्रमाणात सोसावा असे ठरविले. हेच तत्त्व आजच्या आकड्यांत मांडावयाचे, तर समजा, नांदेडच्या एखाद्या बापाचे निव्वळ उत्पन्न ६०,००० व आईचे २०,००० रुपये आहे आणि मुलीचा खर्च १२,००० रुपये येतो. प्रमाण तीनास एक असल्याने बापाने ९,००० रुपये द्यावयाचे. उरलेले ३,००० आईच्या वाट्याचे. ते ती रोखीने नव्हे, तर रोजच्या घरखर्चातून आपोआप भरते. मुलाचा सांभाळ करण्यात जाणारे तिचे श्रम या बेरजेत कोठेच येत नाहीत, ही या पद्धतीची मोठी उणीव आहे.

परदेशांत अशा बेरजा बांधून दिल्या आहेत. जर्मनीत १९६२ पासून ड्यूसेलडॉर्फ येथील न्यायालयाचे कोष्टक वापरले जाते. त्यात बापाचे उत्पन्न व मुलाचे वय यांच्या रकान्यांत रक्कम छापलेली असते. ब्रिटनमध्ये १९९१ च्या अधिनियमाने हे काम न्यायालयांकडून काढून सरकारी यंत्रणेकडे सोपविले, मात्र तिचे आरंभीचे सूत्र इतके क्लिष्ट होते, की पुढे एका मुलास उत्पन्नाच्या १५, दोहोंस २० व तिघांस २५ टक्के असे सोपे प्रमाण स्वीकारावे लागले. अमेरिकेतील बहुतेक राज्ये दोघांच्या उत्पन्नाची बेरीज करून तीत मुलाचा वाटा काढतात. ही सर्व कोष्टके मासिक पगार व त्याची करखात्यात होणारी नोंद गृहीत धरतात. ती तशीच उचलून मुखेड किंवा देवणी तालुक्यात आणली, तर उत्पन्नाचा रकाना कोरा राहील.

शेतीचे उत्पन्न : शेतीचे उत्पन्न केंद्रीय आयकरातून वगळलेले असल्यामुळे शेतकऱ्याचे विवरणपत्र नसते. पुरावा म्हणून सातबारा, आठ-अ व फेरफाराचा उतारा दाखल होतो. परंतु एकत्र कुटुंबात जमीन आजोबांच्या किंवा थोरल्या भावाच्या नावावर असते आणि ‘माझ्या नावावर गुंठाही नाही’ हे बापाचे ठरलेले उत्तर असते. दावा दाखल होताच वाटणीपत्र करून जमीन भावास देण्याचेही प्रकार घडतात. वडिलार्जित मिळकतीतील हिस्सा नाव नसतानाही हिस्साच असतो, हे न्यायालये मान्य करतात. पोटगीचा हक्क बुडविण्यासाठी केलेले हस्तांतर फुकट असेल, किंवा घेणाऱ्यास त्या हक्काची कल्पना असेल, तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या (१८८२) ३९ व्या कलमाप्रमाणे व १९५६ च्या अधिनियमाच्या २८ व्या कलमाप्रमाणे तो हक्क नव्या मालकाविरुद्धही बजावता येतो. निर्वाहाचा बोजा जमिनीवर चढविण्याची मागणीही करता येते, पण तालुक्याच्या पातळीवर तिचा उपयोग फारसा होत नाही.

समजा, लातूर जिल्ह्यातील एका कोरडवाहू शेतकऱ्याकडे पाच एकर जमीन असून एकरी सहा क्विंटल सोयाबीन झाले, म्हणजे एकूण ३० क्विंटल. २०२४–२५ हंगामाचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. त्या दराने १,४६,७६० रुपये येतात. बियाणे, खत, फवारणी, मजुरी व मळणी यांसाठी ७०,००० रुपये वजा केल्यास वर्षाला ७६,७६० म्हणजे दरमहा सुमारे ६,४०० रुपये राहतात. परंतु त्या हंगामात बाजारातील दर हमीभावाच्या खाली होते. विक्री ४,२०० रुपयांनी झाली असे धरल्यास निव्वळ रक्कम ५६,००० वर येते, म्हणजे महिन्यास ४,७०० रुपयांच्याही आत. केवळ कोणता भाव धरला यावरून महिन्याच्या उत्पन्नात १,७३० रुपयांचा फरक पडला. हा फरक एखाद्या मुलाच्या मंजूर पोटगीएवढा असू शकतो. त्यामुळे मुलाच्या वतीने हमीभाव व बापाच्या वतीने बाजार समितीची पट्टी दाखविली जाते. दोन्ही आकडे खरे असतात. विष्णुपुरी किंवा इसापूर प्रकल्पाच्या पाण्याखालील ऊस, हळद व केळी असलेल्या जमिनीचा हिशेब अर्थातच निराळा होतो. म्हणून सातबाऱ्यावरील पिकाची नोंद व विहिरीची नोंद क्षेत्राइतकीच महत्त्वाची असते.

ज्याच्याकडे जमीनच नाही, त्याच्या बाबतीत न्यायालय मजुरीचा दर धरते. अंगाने धडधाकट असलेल्या पुरुषास बेकारीची सबब सांगता येत नाही, गरज पडल्यास अंगमेहनत करून त्याने बायकोमुलांस पोसले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्येही म्हटले आहे. मराठवाड्यातून हंगामी स्थलांतर करणाऱ्या ऊसतोड मजुरांचा हिशेब मात्र येथेही बसत नाही. नवराबायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’, मुकादम उचल देतो ती या जोडीस. जोडी मोडली की उचल कोणाच्या श्रमाची, कोणाच्या देण्याची हे सांगता येत नाही, आणि एकटी स्त्री कोयत्यात धरली जात नसल्याने मुलांच्या आईची कमाईही त्याच दिवशी बंद पडते.

२०२० चा निर्णय : या गोंधळास काही शिस्त लावण्याचा प्रयत्न सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी केला. रजनेश विरुद्ध नेहा या नावाने ओळखले जाणारे हे प्रकरण नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून गेले होते. तेथे मुलासाठी आधी दरमहा ५,००० व सप्टेंबर २०१५ पासून १०,००० रुपये मंजूर झाले होते. न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा व न्यायमूर्ती सुभाष रेड्डी यांनी यात देशातील सर्व न्यायालयांना बंधनकारक असे नियम घालून दिले. दोन्ही पक्षांनी मालमत्ता व देणी यांचे शपथपत्र दाखल करावे, प्रतिपक्षाने ते चार आठवड्यांत द्यावे, अंतरिम अर्ज चार ते सहा महिन्यांत निकाली काढावा आणि पोटगी निकालाच्या नव्हे तर अर्जाच्या तारखेपासून द्यावी, हे त्यांतील प्रमुख होत. शेवटच्या नियमाने वेळकाढूपणाचा फायदा नाहीसा झाला.

शेतकऱ्यांसाठी शपथपत्राचा वेगळा नमुना जोडलेला आहे, ही या निर्णयाची मराठवाड्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची बाब होय. एकूण जमीन किंवा तीतील हिस्सा, फेरफार, जमीन बागायत की जिरायत, गेल्या तीन वर्षांचे उत्पन्न, बटईने घेतलेली जमीन, म्हशी, गाई, शेळ्या व कोंबड्या आणि त्यांपासूनचे उत्पन्न, जमिनीवरील कर्ज असे प्रश्न त्यात आहेत. तीन वर्षांची अट विशेष उपयुक्त आहे. एक दुष्काळी, एक अतिवृष्टीचे व एक बरे अशा वर्षांची सरासरी निघाली म्हणजे केवळ बुडालेल्या हंगामाकडे बोट दाखविता येत नाही. अर्थात शपथपत्र खरे भरले गेले तरच हे शक्य होते. नियमांचे पालन नीट होत नसल्याची दखल सर्वोच्च न्यायालयाला ६ नोव्हेंबर २०२३ रोजी पुन्हा घ्यावी लागली.

शिकवणी वर्गांचा खर्च : शिक्षणाच्या नेहमीच्या खर्चाखेरीज पूरक शिकवणी व व्यवसायप्रशिक्षण यांचाही वाजवी खर्च पोटगीत धरावा, असे वरील निर्णयात सांगितले आहे. ‘लातूर पॅटर्न’ने प्रसिद्ध झालेल्या या प्रदेशात हे वाक्य विशेष अर्थपूर्ण ठरते. राजर्षी शाहू व दयानंद या महाविद्यालयांच्या गुणवत्ता यादीतील यशानंतर लातूर आणि पाठोपाठ नांदेड ही वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशाच्या तयारीची केंद्रे बनली. खेड्यापाड्यांतून येणारी मुले तेथे खोली करून किंवा वसतिगृहात राहतात. खाणावळ, खोलीभाडे आणि शिकवणीचे शुल्क मिळून होणारा खर्च कोरडवाहू शेतकऱ्याच्या सबंध वर्षाच्या निव्वळ उत्पन्नाहून जास्त होतो. अशा वेळी बाप ‘झेपत नाही’ म्हणतो ते पुष्कळदा खरे असते, परंतु दुसऱ्या घरातील मुलास तोच बाप त्याच वर्गात पाठवीत असेल तर न्यायालय ते मान्य करीत नाही. विभक्त होण्यापूर्वी मुलास ज्या तऱ्हेचे शिक्षण मिळत होते किंवा सहजपणे मिळाले असते, ते पुढेही मिळावे, ही यातील कसोटी आहे.

वयाची अडचणही येथेच उभी राहते. फौजदारी संहितेखालील हक्क मुलास १८ वर्षे पूर्ण होताच संपतो. शारीरिक वा मानसिक व्यंग असलेल्या मुलाचा तेवढा अपवाद आहे. बारावी झालेला मुलगा नीट परीक्षेची पुन्हा तयारी करण्यासाठी लातूरला एक वर्ष थांबतो तेव्हा तो नेमका अठरा वर्षांचा झालेला असतो, आणि सर्वांत महाग वर्षी त्याची पोटगी बंद होते. मुलीचे तसे नाही. १९५६ च्या अधिनियमाप्रमाणे स्वतःच्या कमाईवर निर्वाह करू न शकणारी अविवाहित मुलगी सज्ञान झाल्यावरही निर्वाह मागू शकते. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये हा फरक स्पष्ट केला, मात्र त्यासाठी तिला वेगळा दावा लावावा लागतो. विधि आयोगाने २०१५ च्या आपल्या २५७ व्या अहवालात न्यायालयास योग्य वाटल्यास अपत्याचा निर्वाह २५ व्या वर्षापर्यंत चालू ठेवण्याची शिफारस केली होती. तिचे कायद्यात रूपांतर झालेले नाही.

वसुली : रक्कम ठरली तरी ती हाती येणे वेगळे. नांदेड व लातूर येथे कौटुंबिक न्यायालये आहेत. जेथे त्यांची हद्द पोहोचत नाही तेथे तालुक्याचे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी अर्ज ऐकतात. स्त्री माहेरी राहत असेल तर ती तेथेच अर्ज करू शकते, त्यामुळे पुण्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या बापास औसा किंवा कंधार येथे हजर व्हावे लागते. स्त्रिया व मुले यांना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. पोटगी थकल्यास दर महिन्याच्या थकबाकीसाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, परंतु वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. ही मुदत माहीत नसल्याने जुनी बाकी या मार्गाने हातची जाते. नोकरदाराचा पगार जप्त करताना इतर कर्जांच्या मानाने पोटगीस अधिक वाव आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० व्या कलमाप्रमाणे पोटगीच्या हुकूमनाम्यात पगाराचा केवळ एकतृतीयांश भाग सुरक्षित राहतो.

पगारातून थेट कपातीचे नांदेडचेच एक उदाहरण २०२२ मध्ये गाजले. ते मुलांच्या नव्हे, तर पतीच्या पोटगीचे होते. घटस्फोटित पतीस शिक्षिका असलेल्या पत्नीने दरमहा ३,००० रुपये द्यावेत आणि थकबाकीपोटी मुख्याध्यापकांनी तिच्या पगारातून ५,००० रुपये कापून न्यायालयात भरावेत, हे नांदेडच्या दिवाणी न्यायालयाचे आदेश उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने कायम ठेवले. देणारा पुरुषच असतो असे नाही, हे त्यातून लोकांस कळले. मुलांच्या बाबतीत आईच्या दायित्वाची तरतूद १९५६ च्या अधिनियमात आरंभापासूनच आहे.

मुद्रांकावर लिहून होणाऱ्या फारकतीत आई एकरकमी पैसे घेऊन ‘यापुढे माझी व मुलांची काही मागणी राहणार नाही’ असे लिहून देते. अशा कागदास दोन्ही जिल्ह्यांत अजूनही मोठे वजन आहे. त्यातील स्वतःपुरती कबुलीही न्यायालय तपासून घेते, आणि मुलांपुरती तर ती निरुपयोगीच ठरते. पोटगी हा मुलाचा हक्क आहे, आईचा नव्हे. आईने सही करून तो सोडता येत नाही आणि कागद कितीही जुना असला, तरी मूल अज्ञान असेतो त्याच्या नावे नवा अर्ज करता येतो.